चढावर मन बदलू नकोस

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मोटोक्रॉसच्या ट्रॅकवरून परतताना तू गप्प होतीस आणि मीही. बाबा चिडलेत असं तुला वाटलं असणार. चिडलो नव्हतो, घाबरलो होतो. घाबरलेला बाप तोंड उघडतो तेव्हा ‘बास झालं हे सगळं’ एवढंच बोलतो, म्हणून लिहायला बसलो.

त्या डबलवर, म्हणजे एका उंचवट्यावरून उडून दुसऱ्यापलीकडे उतरायच्या त्या जोडीवर, तू वेगात आलीस, इथवर ठीक. पण चढाच्या मध्यावर थ्रॉटल सोडलास. मला ते आधी ऐकू आलं, मग दिसलं. इंजिनचा आवाज पडला, पुढचा फोर्क दबला, मागचं चाक उसळलं आणि बाईक नाक खाली घालून उडाली. हवेत तू थ्रॉटल पिळलास, मागचं चाक जोरात फिरलं, त्यासरशी पुढचं वर आलं आणि निभावलं. ते तुला सुचलं याचं कौतुक आहे. नाक फार वर गेलं तर उलट करायचं: मागचा ब्रेक, पण क्लच दाबून, नाहीतर इंजिन हवेतच बंद पडतं. पण हे सगळे चूक झाल्यावरचे उपाय.

तू कचरलीस ही चूक नव्हे. चढावर पोचल्यावर कचरलीस, ही चूक. उडी मारायची की नाही हे त्याआधीच्या वळणातून बाहेर पडतानाच ठरलं पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर तिथूनच वेग कमी कर, एक कड धर आणि दोन्ही उंचवटे चाकं जमिनीवर ठेवून ओलांड. मध्येच आडवी मात्र जाऊ नकोस, मागून येणाऱ्याने तुझी लाइन गृहीत धरलेली असते. आणि डबलची घाई कशाला? टेबलटॉपवर, म्हणजे मधली जागा भरून सपाट केलेल्या उंचवट्यावर, कमी पडलीस तर माथ्यावर आदळशील, मनगटं झिणझिणतील, एवढंच. डबलमध्ये कमी पडलीस तर समोर दुसऱ्या उंचवट्याची भिंत असते. तेवढंच अंतर टेबलटॉपवर पुन्हा पुन्हा नीट जमू दे, मग बघू.

खरं सांगू? तुझा वेळ उड्यांमध्ये जात नाहीये, वळणांत जातोय. रटमध्ये, म्हणजे चाकांनी पडलेल्या खोल चाकोरीत, शिरलीस की तू पुढच्या चाकाकडे बघतेस, आणि नजर जिथे तिथे बाईक. रट जिथे संपते तिथे बघ. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यावर) भार दे, कोपर वर. गुडघ्यांनी बाईक पकड म्हणजे हँडल आवळावं लागणार नाही आणि तिसऱ्या फेरीतच हात दगडासारखे होणार नाहीत. कंटाळवाणं आहे, मान्य. मलाही कंटाळा यायचा, म्हणून माझी वळणं शेवटपर्यंत कच्चीच राहिली.

माझं कॉलरबोन कुठल्या मोठ्या उडीवर मोडलं नव्हतं. ‘एकच शेवटची फेरी’ म्हणून दमलेल्या हातांनी परत ट्रॅकवर गेलो आणि एका साध्या उतारावर पडलो. त्यामुळे ‘शेवटची’ हा शब्द तुझ्या तोंडून आला की मी आता थेट बाईकचं किल बटण दाबून इंजिनच बंद करणार आहे, सांगून ठेवतो.

पिवळा झेंडा हलताना दिसला की उडी नाही, ओव्हरटेक नाही. लँडिंगवर कोण पडलंय ते चढाच्या अलीकडून दिसतच नाही. एखाद दिवशी तिथे तू असशील.

दुपारी वळणात पडलीस तेव्हा डोकं आपटलं होतं ना? ‘काही नाही’ म्हणालीस, पण हेल्मेटवर खूण आहे. आतला फोम एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. ते मी बाजूला काढलंय, नवीन येईपर्यंत बाईकला हात नाही. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर लपवू नकोस. त्या दिवशी तुला लगेच थांबवायला हवं होतं, ते मी केलं नाही.

पुढच्या वेळी स्टॉपवॉच घरी ठेवून येईन आणि डबलपाशी नाही, डाव्या वळणापाशी उभा राहीन.

तुझा,
बाबा

ता. क. : वर्षभरात तुझं वजन वाढलंय, पण मागचं सस्पेन्शन जुन्याच वजनाला लावलेलं आहे. पूर्ण गिअर घालून बसलीस की मागची बाजू साधारण १०० मिलिमीटर खाली बसायला हवी. टेप घेऊन ये, एकट्याला मोजता येत नाही.