मॅडम, ते बाहेरचं कुलूप

मॅडम,

हे पत्र कोणालाही वाचता यावं असं लिहितोय, म्हणून त्यात तुमचं नाव नाही, माझं नाही, माझ्या देशाचं आणि धर्माचंही नाही. घरचे अजून तिकडेच आहेत. पण तुम्ही वाचलंत तर ओळखालच.

या देशात आश्रय मिळावा म्हणून अर्ज करायचा होता आणि तुम्ही माझ्या वकील. पहिल्या भेटीला मी पाठांतर करून आलो होतो. वचनं, सणांचा क्रम, गुरूंची नावं, सगळं. मुलाखतीत धर्माची परीक्षाच घेतात, असं बरोबरच्यांनी घाबरवलं होतं. तुम्ही पाच मिनिटं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे कोणीही पाठ करील. तुम्ही रोज काय करायचात ते सांगा."

मग मी मारहाणीवर आलो, आणि ती थोडी वाढवून सांगितली. तुम्ही पेन खाली ठेवलंत. जे घडलं नाही त्यातलं एक वाक्यही फाइलमध्ये जाणार नाही, तारीख आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं, असं बजावलंत. तेव्हा तुमचा राग आला होता. वाटलं, एवढ्याशा गोष्टीवर मला कोण आश्रय देणार?

त्यावर तुम्ही १९५१ चा निर्वासित करार समजावलात. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, या पाचपैकी एखाद्या कारणामुळे छळ होईल अशी सकारण भीती हवी. आधी मार खाल्लेलाच असला पाहिजे, अशी अट नाही. परत गेल्यावर काय होईल, हा खरा प्रश्न. आणि धर्म म्हणजे नुसती मनातली श्रद्धा नव्हे, माणसाची ओळख आणि जगण्याची रीतही त्यात येते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पाठांतराच्या कितीतरी रात्री झोपेत गेल्या असत्या!

नंतर सहज विचारावं तसं विचारलंत, "प्रार्थनेला जमायचात तेव्हा दार बंद असायचं?"

मी म्हणालो, हो, बाहेरून. मेहुणा पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचा आणि मागच्या दाराने आत यायचा. घरात कोणी नाही असं गल्लीला वाटावं म्हणून. आम्ही ओठ हलवायचो, आवाज काढायचो नाही. लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवायचो. यात सांगण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्याकडे ती रीतच पडून गेली होती. तुम्ही मात्र लिहीतच राहिलात.

पहिला अर्ज फेटाळला गेला. दोन तारखा जुळत नव्हत्या, आणि अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की घरातल्या घरात गुपचूप प्रार्थना करत राहिलो असतो तर धोका नव्हता. ते पत्र घेऊन आलो तेव्हा मी परत जायच्याच गोष्टी बोलत होतो. तुम्ही आधी चहा मागवलात, मग अपिलाची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर गोल करून दाखवलंत.

अपिलात तुम्ही युरोपीय संघाच्या न्यायालयाचा २०१२ चा निकाल पुढे केलात. अहमदिया पंथाच्या दोन पाकिस्तानी अर्जदारांचं ते प्रकरण. ज्या धर्माचरणामुळे छळ ओढवेल ते सोडून दे, म्हणजे सुरक्षित राहशील, अशी अपेक्षा अर्जदाराकडून धरता येत नाही, असं त्यात म्हटलंय. आणि मग त्या कुलपाची गोष्ट काढलीत. "गुपचूप म्हणजे काय, ते यांनी करून पाहिलंय," एवढंच बोललात. दुभाषी दादांनी ते मला सांगताना त्यांचाच आवाज अडकला.

निकाल लागून आता बरेच महिने झालेत. पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाखतीला गेला होतात, म्हणून आभार राहिले ते राहिलेच. फी हप्त्याहप्त्याने घेतलीत, एकदाही आठवण केली नाहीत, त्याचेही आभार यातच धरा.

गेल्या आठवड्यात इथल्या प्रार्थनेला गेलो. पुढचं दार सताड उघडं. तरी बसण्याआधी मागचं दार कुठे आहे ते बघून आलोच.

दुभाषी दादांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही.

तुमचा,
कुलूपवाला