पॅकेजचे पैसे भरण्याआधी

शहापूर, बेळगाव

प्रिय दत्ता,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनच केला असता, पण तू वखारीत असलास की मागे हमालांचा गलका, आणि हे बोलणं गलक्यात उरकण्यासारखं नाही. म्हणून निवांत बसून लिहितोय.

न्यूरोफीडबॅकचं पॅकेज घेऊ का, असं विचारलंस. डोक्याला तारा लावून अर्धशिशी मुळापासून घालवतो म्हणतात, आणि पैसे सगळे आगाऊ. मी त्यातून गेलोय म्हणून मला विचारलंस ना? मग ऐक. आत्ता लगेच घेऊ नकोस.

आधी तिथे करतात काय ते सांगतो. पुण्यात भावाकडे राहून मी जायचो. डोक्याची कातडी खरखरीत जेलने घासतात, त्यावर चिकट लेप लावून इलेक्ट्रोड बसवतात आणि कानांच्या पाळ्यांना चिमटे. डोक्यात वीज सोडत नाहीत, हे आईला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. मेंदूचीच वीज, तीही मायक्रोव्होल्टमधली, मशीन फक्त टिपतं. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२९ साली माणसाच्या मेंदूच्या विजेचा आलेख, म्हणजे ईईजी, प्रसिद्ध केला, तोच हा. समोर पडद्यावर डोंगर-नदीचा व्हिडिओ चालू असतो. माझ्या बाबतीत १२ ते १५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितके हेलकावे घेणाऱ्या, लहरी वाढवायच्या आणि त्याहून जलद अशा वरच्या बीटा लहरी कमी करायच्या, असं ठरलं होतं. तसं झालं की चित्र स्वच्छ, बिनसलं की अंधूक. हे बक्षीस मिळत राहिलं की मेंदू हळूहळू त्या वळणावर येतो, अशी त्यामागची कल्पना. मजा म्हणजे, मुद्दाम जोर लावलास की चित्र आणखी काळं पडतं. माझ्यासारख्या हट्टी माणसाला हे फार जड गेलं.

एक दिवस आलेखाची रेघ एकदम जाड, केसाळ झाली. मला वाटलं, झालं, मेंदू बिथरला. तिथली तंत्रज्ञ मुलगी आपल्या चिकोडीची होती. ती म्हणाली, "काका, हा मेंदू नव्हे. दात सोडा की." कानशिलाचा स्नायू आवळला की त्याची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरात येते आणि खालची खरी रेघ बुजून जाते. दात सैल सोडले, खांदे खाली टाकले आणि रेघ पातळ झाली! प्रेसमध्ये पत्रिका तपासताना मी दिवसभर दात आवळून बसतो, हे मला तिथे समजलं. तुला ठाऊक आहे आमचं काम. एकाच लग्नपत्रिकेत मराठी आणि कानडी, नावात काना-मात्रा चुकली की वधूपिता काउंटरवर हजर.

त्या मशीनने मला दिलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही. गंमत म्हणजे ती मेंदूची नव्हतीच.

दुखणं कमी झालं का? झालं. पण त्याच सुमारास डॉक्टरांनी अर्धशिशी रोखायचं प्रोप्रॅनोलॉल हे औषध सुरू केलं, झोपेची वेळ ठरली, गोळ्या आटोक्यात आल्या. सगळं श्रेय तारांना द्यायला माझी जीभ रेटत नाही. मायग्रेनसाठी न्यूरोफीडबॅकचे जे अभ्यास झालेत ते बहुतेक लहान आहेत, आणि काहींना खोटंखोटं मशीन लावून खरी तुलना केलेले तर फारच थोडे. त्याच्याच साध्या भावंडांची बाजू मात्र भक्कम आहे. एकात बोटाला तापमापी लावून हात गरम करायला शिकवतात, दुसऱ्यात कपाळाचा, मानेचा स्नायू सैल सोडायला. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २००० सालच्या मार्गदर्शनात मायग्रेन रोखण्याच्या पर्यायांमध्ये हे दोन्ही आहेत, पहिला शिथिलीकरणाच्या जोडीने. हात गरम करण्याची सुरुवातही मजेशीर आहे. अमेरिकेत मेनिंजर फाउंडेशनमध्ये एका बाईवर भलताच प्रयोग चालला होता. तिच्या हातांचं तापमान झटकन चढलं आणि नेमकं तेव्हाच तिचं डोकं उतरलं. हे एकदा अंगवळणी पडलं की घरी मशीन लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरातही कुणी करत नाही.

आता तुझ्यावर येतो. तुझ्या मेसेजमधली एक ओळ मला खुपली: "मेडिकलवाला ओळखीचा, रोज एक गोळी घेतो, भागतं." दत्ता, भागत नाही रे! साधी पॅरासिटामॉल महिन्यातून १५ दिवस, किंवा कॅफीन-बिफीन घातलेली मिश्र गोळी १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागू शकते. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणं. या फेऱ्यात असताना पॅकेज घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पण तूही मनाने बंद करू नकोस, पहिले काही दिवस दुखणं वाढतं. न्यूरॉलॉजिस्टला विचारून सोड. तुला निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिथेच दाखव. आणि हो, कधी विजेसारखी अचानक भयंकर कळ आली, तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर अर्धशिशी म्हणून घरी पडून राहायचं नाही. तडक दवाखाना.

तोवर एक वही कर. कधी दुखलं, आदल्या रात्री किती झोपलास, जेवलास कधी, गोळी कुठली. तंबाखूच्या वासाने दुखतं म्हणतोस, तेही लिही, पण वेळ घालून. कारण मायग्रेन यायच्या काही तास आधीच जांभया येतात, मान आखडते, वास नकोसे होतात. वासामुळे दुखलं, की दुखणार होतं म्हणून वास सहन झाला नाही, हे वहीशिवाय कळायचं नाही. नाहीतर उगाच वखार विकायला काढशील.

काकूंचा उपाय आठवतो? सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी. आपण हसायचो. पण रिकाम्या पोटी अनेकांचं डोकं चढतं, तेव्हा काकू अगदीच चुकत होत्या असं नाही.

एवढं सगळं करून दोनेक महिन्यांनी तुला वाटलंच, तर घे न्यूरोफीडबॅक, मी अडवणार नाही. फक्त पैसे बैठकीगणिक दे. आलेख कोण वाचतं, त्याचं शिक्षण काय, हे विचार. "डॉक्टरांच्या गोळ्या सोडा" असं कुणी म्हणालं, तर चप्पल घालून बाहेर ये.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, या महिन्यात तरी तुला संकष्टी धरू देऊ नका. वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव.

तुझा,
विनू