चिठ्ठी वर जाते, खाली येत नाही

प्रिय संध्या,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, पण मधल्या काळात एका बाळंतिणीने मला झोपू दिलं नाही. तिच्याबद्दलच लिहायचंय.

एकोणीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, आठवा महिना. आशाताई तिला रात्री नऊला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) घेऊन आली तेव्हा पावलं सुजलेली, डोकं ठणकत होतं, बीपी १६०/११०. झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फ इंजेक्शनचा पहिला डोस दिला, तो किती वाजता दिला हे संदर्भ चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं आणि १०८ मधून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे त्या रात्री भूलतज्ज्ञ नव्हते, म्हणून पुढे सिव्हिलला. आशाताई सोबत होती. तिने सांगितलं, दोन्ही ठिकाणी सगळं पहिल्यापासून विचारलं, चिठ्ठी कुणी उघडलीच नाही. ‘मॅडम, इंजेक्शन दिलंय, दिलंय, असं मीच ओरडून सांगत होते,’ म्हणाली. पहाटे सिझर झालं. बाळ १८०० ग्रॅमचं, पण दोघं जगली.

पुढे जे झालं ते मला जास्त लागलं. डिस्चार्ज कधी झाला हे आम्हाला कळलंच नाही. ती गेली माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. आमची आशा तिसऱ्या, सातव्या दिवशी घरी गेली तर दाराला कुलूप. माहेरच्या आशाच्या यादीत तिचं नावच नाही. बाराव्या दिवशी तिथल्या अंगणवाडी सेविकेने बाळाचं वजन केलं, आईचा चेहरा सुजलेला पाहिला आणि कार्डावरचा आमच्या सिस्टरचा नंबर फिरवला. बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्याच दिल्या होत्या, त्या संपून गेल्या होत्या.

कुणी कामचुकारपणा केला असं मी म्हणणार नाही. त्या रात्री तिथल्या वॉर्डात एका खाटेवर दोघी होत्या. पण बघ ना, उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेची, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या (डीएचओ) हाताखाली. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल थेट राज्याचं, जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. अंगणवाडी महिला व बालविकासची. जिथे मेडिकल कॉलेज निघालं तिथे जिल्हा रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाकडे गेलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा दवाखाना गावाच्या माणसांपाशी असावा हा विचार चांगलाच होता, आणि मला तो आजही पटतो. माझ्या पीएचसीचं छप्पर गळतं हे सभापतींना लगेच दिसतं. पण बाईचं बाळंतपण एकच असतं गं, ते चार खात्यांत कसं वाटायचं?

एमबीबीएसला सामाजिक वैद्यकशास्त्रात (पीएसएम) आपण देशाच्या आरोग्यसेवेची आखणी सुचवणारी भोर समिती, १९४६ अशी घोकली होती. प्रतिबंध आणि उपचार प्रत्येक पातळीवर एकत्र हवेत, हे तिचं पहिलंच सूत्र. तेव्हा दोन मार्कांपुरतं होतं. आता आदिवासी भागातल्या २०,००० लोकांमागे एक पीएचसी सांभाळताना त्याचा अर्थ कळतोय.

मी एक वही केलीय. पाठवलेली प्रत्येक बाई त्यात लिहायची आणि तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डात फोन करायचा. ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना जाऊन भेटले. त्यांची एक सिस्टर आता आमच्या मासिक सभेला येते. परवा पहिल्यांदाच तिने येताना चार डिस्चार्ज कार्डांच्या झेरॉक्स आणल्या, तर आमच्या उपकेंद्रांतल्या सिस्टरनी (एएनएम) त्या हातोहात वाटून घेतल्या. एकीला तर कळलं, आपण शोधत होतो ती बाई आजीकडे शेजारच्याच पाड्यावर आहे. आरोग्य उपसंचालकांच्या बैठकीत हे मांडा असं डीएचओ सरांना सांगितलंय. आपल्या परिमंडळापुरता, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या जिल्ह्यांपुरता, नियम झाला तरी पुष्कळ होईल, कारण उद्या माझी बदली झाली की वही कपाटात जाईल.

तुझ्याकडे मात्र एक मागणं आहे. तुझ्या वॉर्डात खेड्यांतून इतक्या बाया येतात. डिस्चार्ज लिहिताना तुझ्या रेसिडेंट मुलांना दोनच ओळी जास्त लिहायला लाव: बाई इथून कुठे जाणार, सासरी की माहेरी, आणि तिथलं उपकेंद्र कुठलं. आणि तिच्यासमोरच त्या सिस्टरला फोन लावायला सांग.

बाळ काल २३०० ग्रॅम भरलं. आईच्या गोळ्या चालू आहेत.

तुझी,
मीना

ता.क. वहीची पानं कशी आखलीत त्याचा फोटो पाठवते. तुझ्याकडे आणखी काही रकाना हवा वाटला तर कळव.