एरिथेला दीड ओळ?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्पॅनिश सिनेमावरचा लेख वाचला. बुन्युएल आणि अल्मोदोवारला भरपूर जागा दिलीत ते चांगलंच केलंत, पण दिग्दर्शक व्हिक्टर एरिथेला (तुम्ही एरिस छापलंय, तिकडे एरिथे म्हणतात) दीड ओळीत उरकलंत आणि वर "पन्नास वर्षांत जेमतेम चार सिनेमे" असं लिहून मोकळे झालात. आकडा बरोबर आहे हो, 1973, 1983, 1992 आणि 2023, पण वाचणाऱ्याला वाटणार माणूस आळशी दिसतोय.

1983 च्या 'एल सूर'चंच घ्या. नावाचा अर्थ दक्षिण आणि सिनेमात दक्षिण दिसतच नाही! उत्तरेतला भाग शूट झाला आणि निर्माता केरेखेताने पैशाचं कारण सांगून काम थांबवलं. दक्षिणेला जायला मुलगी बॅग भरते आणि तिथेच सिनेमा संपतो. लोकांनी तो अर्धाच डोक्यावर घेतला, एरिथे मात्र अपुरा राहिला असंच म्हणत आला.

मग 1992 चा. चित्रकार अंतोनियो लोपेझ माद्रिदमधे अंगणातलं क्विन्सचं (पेरसारखं पिवळं फळ) झाड रंगवतोय, पाय रोज त्याच जागी पडावेत म्हणून जमिनीत खिळे ठोकतो, ओळंबा सोडतो, फळं किती खाली झुकली ते कळावं म्हणून पांढऱ्या रंगाच्या खुणा करतो, आणि तरी ऊन काही थांबत नाही, पाऊस येतो, फळं गळतात, चित्र अपुरं राहतं ते राहतंच. फ्रान्समधल्या कान महोत्सवात याला ज्युरी प्राइझ मिळालं. असले सिनेमे काय वर्षाला एक निघतात का?

आणि पहिला, 'स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह'. 1940 चं, स्पेनच्या कास्तिल प्रांतातलं खेडं, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. ट्रकमधून फिल्मचे डबे येतात, पोरं मागे धावतात, एक बाई पिपाणी फुंकून दवंडी देते, मोठ्यांना तिकीट एक पेसेता (तिकडचं तेव्हाचं चलन), आणि लोक घरून खुर्च्या घेऊन येतात फ्रँकेन्स्टाइन बघायला. (आमच्या जत्रेतल्या तंबूत खुर्च्या कसल्या, पोती न्यायचो.) तिथे छोट्या आना तोरेंतचे डोळे बघा, तो अभिनय नाहीच, ती पोर खरोखर पडद्यावरचा राक्षस बघतेय. पात्राचं नाव वेगळं का असतं हेच तिला समजेना, म्हणून एरिथेने पात्रांनाच नटांची नावं देऊन टाकली. त्यात ती डोळे मिटून म्हणते, "मी आना." पन्नास वर्षांनी 'क्लोज युवर आइज'मधे तीच आना तोरेंत, आता बाई झालेली, परत तेच म्हणते. मी पॉज करून बसलो होतो पाच मिनिटं.

हा 2023 चा सिनेमा कानने मुख्य स्पर्धेत घेतला नाही, आणि एरिथे कानला गेलाच नाही. महोत्सव कसा वागला ते त्याने 'एल पाईस' या स्पॅनिश पेपरला खुलं पत्र लिहून सांगितलं. म्हणजे पेपरला पत्र लिहिणाऱ्यांतलाच आहे तो.

पुढच्या वेळी जागा कमी असली तर असू दे, नाव तेवढं नीट छापा.

आपला,
एक जुना वाचक, सांगली