शकुंतलेच्या रुळावरचा दिवा

मा. संपादक,

'शकुंतला' या आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीच्या बंद रुळांवर रात्री भुताची गाडी धावते, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. आमचं वावर मूर्तिजापूर-कारंजा रुळाला लागूनच आहे, म्हणून लिहितो.

ऐकणारे सांगतात, शिट्टी वाफेच्या इंजिनाची असते. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं ते इंजिन १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं. पुढे गाडी बंद पडेपर्यंत डिझेलच होतं. मग डिझेलचं भूत कुणालाच कसं भेटत नाही? ज्या पोरांनी वाफेचं इंजिन जन्मात पाहिलं नाही, त्यांनाही झुकझुकच ऐकू येते. (शिवाय ही गाडी म्हणे रोज बाराच्या ठोक्याला येते. शकुंतला आणि वेळेवर!)

भोंगा मात्र खरा आहे, मीही ऐकतो. तो मुंबई-हावडा मोठ्या लाइनीवरच्या गाड्यांचा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो. दिवसा कानावर न येणारा मूर्तिजापूरचा भोंगा मग धुऱ्यावर वाजल्यासारखा वाटतो.

राहिला रुळावरून सरकणारा दिवा. तो आम्ही. हरभऱ्याच्या दिवसांत शेतीची वीज रात्रपाळीला असली की मध्यरात्री ओलीत करायला जावं लागतं. काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून आम्ही रुळाच्या भरावावरून चालतो. डोक्याला बॅटरी बांधलेली, खांद्यावर स्प्रिंकलरचा पाइप. लांबून पाहणाऱ्याला एकच दिवा एका उंचीवर, संथ पुढे येताना दिसतो. वेगही शकुंतलेचाच म्हणा.

लेख आल्यापासून शहरातली पोरं मोबाइल घेऊन शूटिंगला येतात. परवा तिघं झुडपाआड बसली होती. मी पाइप टेकवून विचारलं, "कोण आहे रे तिकडे?" तर ओरडत पळाली, मोटारसायकल तिथंच टाकून. सकाळी न्यायला आली तेव्हा चहा पाजला. त्यातला एक हळूच म्हणाला, "काका, तुम्ही रोज असता इथं रात्री? भीती नाही वाटत?"

वाटते. रानडुकरांची, आणि दांडाखाली बसलेल्या सापाची. पुढच्या लेखात तेवढं लिहा.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. मूर्तिजापूर, जि. अकोला