सिस्टरच्या पेटीतलं इंजेक्शन: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या झाडीपट्टीतला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. मधमाशी चावून घसा आवळलेल्या माणसाला गावच्या आरोग्य उपकेंद्रातच इंजेक्शन मिळावं, म्हणून हे पत्र. आमच्या गावची मसणवट तलावाच्या पाळीवर, एका जुन्या वडाखाली आहे. दर उन्हाळ्यात त्या वडाच्या आडव्या फांद्यांना आग्या मोहोळं लागतात. मागच्या चैत्रात गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंची मयत होती. अवकाळी पावसाने लाकडं भिजलेली, म्हणून डिझेल ओतून सरण पेटवलं. काळा धूर सरळ वडात गेला.

पहिली माशी कोणाच्या तरी मानेला चावली. त्याने ती मानेवरच चापट मारून चिरडली. आग्याची नांगी दातेरी असते, ती कातडीत रुतून बसते आणि सोबत विषाची पिशवीही तुटून राहते. त्या नांगीतून पिकल्या केळासारखा एक वास सुटतो. आपल्याला तो जाणवतो न जाणवतो, पण पोळ्यावरच्या हजारो माशांना तो निरोप असतो. काही क्षणांत माणसं दिसेल तिकडे पळत सुटली.

"पान्यात उडी घे बे, पान्यात!" असं कोणीतरी ओरडलं आणि माझा धाकटा भाऊ तलावात उतरला. श्वास घ्यायला डोकं वर काढलं की माशा डोक्यावर. पुन्हा बुडी, पुन्हा तेच. माशा पाण्यावर घोटाळत राहतात, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. जे दुपट्ट्याने तोंड झाकून, न थांबता, गावाकडे पळाले आणि पहिल्या घरात शिरून दार लावून बसले, त्यांना चार-पाच डंखांवर सुटका मिळाली. भावाच्या अंगातून वहिनीने साठच्या वर नांग्या काढल्या. चिमटा शोधण्यात वेळ गेला, तोही चुकलाच. पिशवीतलं बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच अंगात उतरतं, म्हणून नखाने, हाताला येईल त्याने, पण लगेच नांगी काढायची असते.

उपकेंद्रात पोहोचलो तेव्हा त्याचे ओठ सुजले होते, आवाज घोगरा झाला होता, ओकाऱ्या सुरू होत्या. त्याला खाजेची गोळी मिळाली आणि "तालुक्याला न्या" असं सांगण्यात आलं. तिथवरचे बावीस किलोमीटर मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोजले. दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात त्याची घरघर उतरली आणि तो मला नावाने हाक मारू लागला.

साहेब, पत्र लिहायचं कारण हेच इंजेक्शन आहे. ते महागडं नाही. ज्या दिवशी आमच्या उपकेंद्रात बाळांचं लसीकरण असतं, त्या दिवशी ते सिस्टरच्या पेटीत असतं. लशीची तीव्र रिअ‍ॅक्शन आली, तर प्रशिक्षण घेतलेल्या एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरने, पहिला डोस द्यायचा आणि मग पुढे पाठवायचं, अशी सोय आरोग्य खात्याने स्वतःच केलेली आहे. लशीने घसा आवळला काय आणि माशीने आवळला काय, औषध तेच, मात्रा तीच: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लेकरांना वजनाप्रमाणे. मग मधमाशी चावलेल्या माणसाला ते त्याच उपकेंद्रात का मिळू नये?

ज्यांना अशी अ‍ॅलर्जी नाही, त्यांनाही शेकडो डंख झाले की स्नायू आतून तुटू शकतात, लघवी काळपट चहासारखी होते, मूत्रपिंडं थांबू शकतात. हे एक-दोन दिवसांनी दिसतं. अशा माणसाला "बरं वाटते ना" म्हणून त्याच संध्याकाळी घरी पाठवू नये. लहान मुलाला तर कमी डंखही भारी पडतात.

पुढच्या आठवड्यात गावच्या पोरांनी रात्री टेंभे बांधून ती मोहोळं जाळली. मी अडवलं, पण भावाचं तोंड पाहून आलेल्या पोरांना काय सांगणार होतो? सकाळी वडाखाली पंख जळालेल्या माशांचा थर होता. काही अजून सरपटत होत्या. आणि या वर्षी त्याच फांदीवर पुन्हा तीन मोहोळं आहेत. आग्या हा फिरता जीव. फुलोरा सरला की आपणहून उठून जातो आणि पुढच्या मोसमात जुन्या जागी परततो. जाळून जागा रिकामी होत नाही. आमच्या करडई-तिळाच्या पिकाला याच माशांचा हातभार लागतो, हे वेगळंच. मध काढतानाही पोळं न जाळता फक्त मधाचा भाग कापता येतो. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने ते मध काढणाऱ्यांना शिकवलेलं आहे.

धुराबद्दलही आमच्या लोकांचा गैरसमज आहे. सातेरी, म्हणजे पेटीत पाळायची लहान मधमाशी, पाळणारा माणूस थोडा गार धूर देतो, त्याने माशा मध पिऊन सुस्तावतात. आग्याखाली मोठा जाळ म्हणजे घराला आग लागल्याचा सांगावा. मोह वेचायच्या दिवसांत बाया झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तेव्हा आधी मान वर करून बघायला त्यांना कोणीतरी सांगायला हवं. आग्याच्या पोळ्यावर काळी चमकती लाट उठताना दिसली तर ती "जवळ येऊ नका" अशी ताकीद समजावी आणि मुकाट्याने मागे फिरावं. आशाताई हे घरोघरी जाऊन सांगू शकतात. त्यांचं म्हणणं बाया ऐकतात.

म्हणून मागणी एवढीच: लसीकरणाच्या दिवशीची ती पेटी जंगलालगतच्या प्रत्येक उपकेंद्रात वर्षभर असावी, आणि माशीच्या डंखाने घसा आवळला तर ती उघडण्याची मुभा एएनएमला लेखी मिळावी. मी आमच्याकडच्या एका सिस्टरला विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, लेखी आदेश आला त मी मागंपुढं पाहणार नाही जी."

फाल्गुनात मोह गळू लागतो. त्याआधी तो आदेश निघावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जि. चंद्रपूर