विषय: पिस्टनच्या बॉक्सचं सील न उघडताच ब्लॉकला बोर मारला, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्याकडे माझ्या जुन्या फोर बाय फोरच्या डिझेल इंजिनचा ब्लॉक, क्रँक आणि हेड मशीनिंगला दिलं होतं. ब्लॉकसोबत ०.५० मिमी ओव्हरसाइजचे (मूळ मापापेक्षा तेवढे मोठे) चार नवे पिस्टन पण दिले होते आणि देताना दोनदा सांगितलं होतं की पिस्टन मोजून मगच बोर करा, म्हणजे सिलेंडरची भोकं त्या मापाने मोठी करा. सामान घरी आणून उघडलं तर पिस्टनच्या बॉक्सवरची सीलची पट्टी जशीच्या तशी. म्हणजे बॉक्स उघडलाच नाही, अंदाजाने बोर मारला.

मग मी स्वतः मोजायला बसलो. बोर गेज आणि मायक्रोमीटर माझ्याकडे आहे, चुकतोय का म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं. पिस्टनसोबतच्या कागदावर क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोरच्या भिंतीमधली फट, ०.०६ ते ०.०८ मिमी लिहिलाय, एक दोन आणि चार नंबरचे बोर त्यात बसतात पण तीन नंबरला ०.१३ येतोय आणि त्याच बोरमध्ये वर आणि खाली ०.०३ चा फरक आहे. तुमच्या माणसाला फोन केला तर म्हणाला अहो रनिंगमध्ये सेट होईल. रनिंगमध्ये रिंगा बसतात हो, मोठा झालेला बोर लहान होत नाही. तिथे पिस्टन हलत राहणार, रिंगा लवकर झिजणार, ऑइल जळणार, आणि जुन्या इंजिनला हेच दुखणं आहे म्हणून तर मी हे दुसरं इंजिन बांधतोय.

दुसरी गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटली. ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग काढलेच नव्हते. मी काढून लांब ब्रश फिरवला तर काळा चिखल आणि त्यात चमकणारा लोखंडाचा कीस निघाला. ऑइल फिल्टरमधून गाळून मगच गॅलरीत येतं, म्हणजे गॅलरीत राहिलेला कीस अडवायला पुढे काहीच नाही, तो सरळ मेन बेअरिंगमध्ये जातो. न बघता इंजिन जोडलं असतं तर पहिल्या स्टार्टलाच तुम्ही ग्राइंड केलेल्या क्रँकवर ओरखडे पडले असते. क्रँकचं काम मात्र खरंच चांगलं झालंय, जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई नीट ठेवलीय, ऑइलच्या भोकांच्या कडा पण मारल्यात, त्यामुळे तुमच्याकडे काम येणारा माणूस आहे हे मला दिसतंय आणि म्हणूनच ब्लॉकचं असं का झालं याचं जास्त वाईट वाटतंय. हेडबद्दल तक्रार नाही.

तुम्हाला कदाचित हा रोजच्यासारखा एक ब्लॉक वाटला असेल. हा मिळायला मला दीड वर्ष लागलं, नवा आता कुठेच मिळत नाही आणि मिळाले त्यातले दोन तडकलेले निघाले. ही गाडी रस्ता नसतो तिथे जाते, लो गिअरमध्ये हळूहळू चढ चढताना इंजिनवर पूर्ण लोड असतो आणि गाडीचा वेग नसल्याने समोरून वारा पण लागत नाही, अशा वेळी इंजिन जाम झालं तर टो करायला दुसरी गाडी पण तिथे पोचत नाही. माझ्यासोबत घरची माणसं असतात.

मला पैसे परत नकोत, ब्लॉक नीट करून हवाय. तीन नंबरला स्लीव्ह (आतून नवी नळी) टाका आणि त्याच्या पिस्टनच्या मापाने बोर करून होन करा, म्हणजे दगडाने बारीक घासून फिनिश करा. चारही बोर १.०० ओव्हरसाइजला न्यायचं म्हणत असाल तर आधी भिंतीची जाडी अल्ट्रासोनिकने मोजून दाखवा आणि पिस्टन तुमच्या खर्चाने द्या, पण माझं मत स्लीव्हचंच आहे, कारण बाकीच्या तीन बोरमधलं चांगलं लोखंड उगाच कशाला काढायचं. गॅलरी सगळे प्लग काढून धुवायच्या आणि नवे प्लग मी बघितल्यावरच बसवायचे. प्रत्येक बोर वर, मधे, खाली आणि दोन्ही दिशांना मोजून ती २४ मापं कागदावर सही करून द्या. मोजताना मी तिथे उभा राहणार आहे.

ब्लॉक परत पाठवतोय. पिस्टनचा बॉक्स आता मी उघडलाय, प्रत्येक पिस्टनवर सिलेंडरचा नंबर आणि त्याचं माप मार्करने लिहिलंय.